‘हाय’ म्हणजे आहे

मला कोरोना होऊन गेला म्हटलं की लोक लगेच छातीकडं बघतात. “आता धाप लागते का?” नाही लागत. छाती ठणठणीत आहे. जिना चढते, पाण्याची कळशी उचलते, भांडण आलं तर पहिल्यासारखंच करते. माझं जे बिघडलं ते छातीच्या फोटोत दिसणारं नव्हतं. आणि काहीतरी बिघडलंय हे कळायलाच घरादाराला इतका उशीर झाला की मी थोडक्यात वाचले.

हे लिहितेय ते अशा कुणासाठी तरी, ज्याला रोज कुणी ना कुणी सांगतंय की तू तरुण आहेस, तुला काय होतंय. मला हे इतक्या जणांनी सांगितलंय की आजही ऐकलं की हात शिवशिवतात.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात कॉम्प्युटरवर बिलं काढायचे. कपड्यांना, केसांना, डब्यातल्या चपातीलासुद्धा हळदीचा वास. माझी रूम पार्टनर रोहिणी म्हणायची, “तुझ्या लग्नात हळदीचा कार्यक्रमच नको गं, तू रोजच लावून येतीस.” वरच्या मजल्यावर आमची एक खोली, खाली मालकीणबाई. आई-आप्पा मुंबईत. आप्पा गोदीत माल उचलतात. आमच्या माण तालुक्यातले निम्मे बाप्ये तिकडंच असतात. गावाकडं, दहिवडीच्या पुढं माळावरच्या वस्तीवर राहायची फक्त आत्ती, म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी आली, आणि शेरडं-मेंढरं राखत तिथंच सत्तरीला टेकली.

एके सकाळी चहाला आलं किसताना मला वास आला नाही. आल्याचा नाही, चहाचा नाही. मी पळत जाऊन कालचा ड्रेस नाकाला लावला. हळदीचासुद्धा नाही. रिपोर्ट पुढं आला, पण मला तिथंच कळलं होतं.

रिपोर्ट आला तेव्हा रोहिणी बॅग भरूनच उभी होती. “घरी लहान भाचा आहे गं,” म्हणाली. मी म्हटलं, “जा की मग. मी धरून ठेवलंय का?” ती गेली. मालकीणबाईंनी जिन्यावर फिनेल ओतलं, माझ्या पायाखालच्या पायरीवरसुद्धा. मी अजून तिथंच उभी होते.

*

मिरजेत एका कॉलेजच्या वसतिगृहात बायकांचं सेंटर केलं होतं, तिथं मला नेलं. सकाळी बोटाला चिमटा, कपाळावर ते पिस्तूल, मग उप्पीट, मग काढा, मग दिवसभर छताकडं बघणं. संध्याकाळी परत चिमटा, परत पिस्तूल. माणसांचे फक्त डोळे दिसायचे, त्यामुळं कोण रागावलंय आणि कोण हसतंय ते समजायचं नाही.

माझ्या दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या. त्यांच्या अंगाला ताप आणि जिवाला धोका, हे खरंच होतं; त्यातली एक मधेच पुढच्या मोठ्या दवाखान्यात हलवली, ती परत दिसली नाही. पण उरलेल्यांचा दिवसभर नुसता कालवा. फोन स्पीकरवर. “आई, वाफ घेतलीस का? आई, अंडं खाल्लंस का?” चहा पातळ म्हणून तक्रार, पंख्यावरून भांडण, सुनेची उणीदुणी. मी मोबाईल तोंडापुढं धरून पडून असायचे. माझा फोनही वाजायचा. आप्पा विचारायचे, “बरी हाईस न्हवं? मग झालं.” आणि लगेच, “आत्तीला फोन केलावतास का? एकटी हाय म्हातारी.”

एक दिवस एक मॅडम आल्या. मन कसं आहे ते विचारायला. त्यांनी डावीकडच्या आजींना विचारलं, “एकटं वाटतं का? रडू येतं का? झोप लागते का?”

आजी म्हणाल्या, “एकटं कुटलं बाई, हितं तर जत्रा भरलीया.”

मॅडम हसल्या असाव्यात. मग माझी कॉट ओलांडून उजवीकडं निघाल्या. मी म्हटलं, “मॅडम, मला?”

“वय किती तुझं?”

“चोवीस.”

“अगं मग तुला काय होतंय! हे ज्येष्ठांसाठी आहे. मोबाईल आहे ना तुझ्याकडं?”

“आहे.”

“मग झालं तर.”

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आतल्या आत त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. हो. हो. नाही.

*

सेंटरमधून सोडताना टाळ्या वाजवल्या, हातात गुलाब दिला. त्या गुलाबालाही वास नव्हता.

मला गावी जायचं होतं. माळावर, आत्तीच्या वस्तीवर. पण गावच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या, आणि फांद्यांच्याही आधी आप्पा आडवे आले. “जाऊ नगंस. म्हातारं मानूस हाय. तुज्याकडनं तिला लागलं तर?”

“आणि मी? मी एकटी काय करू हितं?”

“तू तरनीताठी पोर. तुजं झालंय की आता सगळं. मोबाईल बघ, झोप काढ.”

आई मागून म्हणाली, “लय ताण घिऊ नगं बाई, आदीच आत्तीच्या काळजीनं ह्यांचा जीव थाऱ्यावर न्हाई.”

खरं सांगते, आत्तीचा मला राग राग यायचा. आप्पा तिला दोन वेळा फोन करायचे. आई तिला वाफेचं सांगायची. आणि बाई तोंडाला काही न बांधता दिवसभर माळावर, शेरडांच्या मागं, उन्हात, वाऱ्यात! चार भिंतींत मी अडकलेली आणि काळजी तिची. मी भिंतीला म्हणायचे, मर म्हातारे. आणि मग तसं म्हटलं म्हणून रडायचे.

यार्डातले हळदीचे सौदे बंद होते, दुकान बंद होतं. रोहिणी आलीच नाही. ‘इकडंच आहे अजून’ एवढाच तिचा मेसेज. पहिले काही दिवस मी स्वयंपाक केला. मग नुसता भात. मग भातही पातेल्यातच खायचा, ताट कशाला खरकटं करायचं. मग पातेलंही घासायचं राहिलं. अंघोळ सुटली. केसांच्या जटा झाल्या, तेव्हा कात्री घेऊन वेडेवाकडे कापून टाकले. दिवसा झोपायचे, जाग आली की छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. बोटाला ते चिमट्याचं मशीन लावून ऑक्सिजन बघायचे तर अठ्ठ्याण्णव. मशीन म्हणायचं, तू उत्तम आहेस. मशीनसुद्धा आप्पांसारखंच.

मैत्रिणी सगळ्या माझ्याच वयाच्या. स्टेटसला कुणाचा केक, कुणाची पाणीपुरी, कुणाचा नाच. मी एकेकीला ‘हाय’ टाकायचे. दोन रेघा निळ्या व्हायच्या, आणि उत्तर यायचं नाही, किंवा दुसऱ्या दिवशी उलटून यायचं, ‘हाय’. त्यापुढं काय लिहायचं ते तिलाही सुचायचं नाही नि मलाही. आज कळतं की त्यातल्या निम्म्याजणी माझ्यासारख्याच पडून होत्या आणि केकचे फोटो जुने होते. तेव्हा वाटायचं, जगात मी एकटीच सडतेय.

*

आणि मग आत्तीचे फोन सुरू झाले. रोज, शेरडं घरी आली की.

आमचं काय व्हायचं ते सांगते. फोन वाजला की मी शहरी सवयीनं म्हणायचे, “हाय आत्ती.” ती म्हणायची, “हाईस न्हवं? बरं.” आणि खट्टकन फोन बंद.

मी फोनकडं बघतच राहायचे. अगं बये, निदान जेवलीस का विचार! रोज तेच. “हाय आत्ती.” “बरं.” खट्ट. पोरगी मेलीय का जगलीय ते बघायला फोन करती जणू, असं मी वैतागून म्हणायचे. ते किती खरं होतं ते मला ठाऊक नव्हतं. तिला बोलावंसं वाटत नाही, आप्पांनी सांगितलं म्हणून उरकती, असंच मी धरून चालले होते. तरी संध्याकाळ झाली की फोन हातात घेऊन बसायचे. दिवसभरात तोंडातून निघणारे दोनच शब्द ते.

मग एक दिवस मला मरायचं होतं. हे वाक्य लिहायला मी कितीदा बसले आणि उठले. पण हेच लिहायचं नसेल तर बाकीचं लिहून उपयोग नाही. रडारड नव्हती, कुणावर राग नव्हता, आत्तीवरही नव्हता. नुसतं बास झालं होतं. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी खोली झाडली, पातेली घासली, अंघोळ केली. मालकीणबाई खालून म्हणाल्या, “आज बरं वाटतंय वाटतं!” मी हो म्हटलं. खरोखरच हलकं वाटत होतं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की असं अचानक हलकं वाटणंच सगळ्यात वाईट असतं. तुमच्या घरातलं कुणी खूप दिवस पडून राहून एकदम आवराआवर करायला लागलं, तर खुश होऊन निघून जाऊ नका. जवळ बसा.

ऊन कललं आणि फोन वाजला. उचलायचा नव्हता, हातानं सवयीनं उचलला. पण तोंडातून ‘हाय’ निघेना.

“हाईस का?” आत्ती म्हणाली.

मी झाडलेल्या फरशीकडं बघत होते.

“आगं ए, हाईस का?”

“न्हाई,” मी म्हटलं.

फोन खट्टकन बंद होईल असं वाटलं. झाला नाही. मागं शेरडं ओरडत होती. आत्तीनं एवढंच विचारलं, “दार लावलंय का उघडं हाय?”

“लावलंय.”

“उघड. काय करू नगंस, नुसतं उघड ठिव. आन फोन ठिवू नगं. मला धार काढायचीया, कानाला धरून बस.”

मी दार उघडलं. का उघडलं ते सांगता येत नाही. कुणीतरी मला काहीतरी करायला सांगितलं होतं, एवढंच. तिनं तिकडं फोन बहुतेक दगडावर ठेवला. मला खुरांचा आवाज येत होता, भांड्यात धार पडल्याचा येत होता. “ए भवाने, हल तिकडं! पाय दिशील न्हवं दुदात!” आणि मधेच माझ्यासाठी मोठ्यानं, माळभर ऐकू जाईल अशी हाक, “हाईस काऽऽ?”

“न्हाई.”

“ऱ्हाऊ दे. न्हाई म्हन, पर म्हन.”

धार संपेपर्यंत मी न्हाई न्हाई म्हणत होते. एवढ्यात मालकीणबाई जिन्यावर आल्या. कापलेले केस, उघडं दार आणि माझा चेहरा, त्यांनी काय ओळखलं कुणास ठाऊक. फोनवर आत्तीचा आवाज ऐकून म्हणाल्या, “स्पीकरवर टाक.” आत्ती म्हणाली, “बाई, मी उद्या येतीया. तवर पोरीला एकटं सोडू नगा. तुमच्या पाया पडते.” फिनेल ओतणाऱ्या त्या मालकीणबाई वरच्या पायरीवर बसल्या, तोंडाला पदर लावून. आणि उजाडेपर्यंत उठल्या नाहीत.

*

आत्ती भाजीच्या टेंपोत बसून आली. शेजारच्या वस्तीवर शेरडं सोपवून, बाभळीच्या फांद्या ओलांडून, काखेत दुधाची किटली. वाटेत पोलिसानं अडवलं होतं. “आजी, तुमच्या वयाच्या मानसानं भाईर पडायचं न्हाई.” आत्तीनं त्याला विचारलं, “मग कुनी पडायचं रं? तरनी तर आडवी झालीया!” त्यानं सोडलं.

मी म्हटलं, “आत्ती, तुला झालं म्हंजे?”

“हुईना का. सरक तिकडं.”

तिनं माझ्या वेड्यावाकड्या कापलेल्या केसांना तेल लावलं. आप्पांचा फोन आला तो आल्या आल्या तापलेलाच. “आक्कल हाय का तुला? म्हातारीला एवड्या लांबनं बोलीवलंस! तिला कायबाय झालं तर?” आत्तीनं फोन ओढून घेतला.

“गप रं! दोन टायम मला फोन करतूस, मला काय धाड भरलीया? जलम मेंढरामागं एकटीनंच गेला माजा. मला एकटं ऱ्हायाला येतंय. हिला कवा शिकीवलंस? जलमल्यापासनं घोळक्यात वाडलेली पोर, तिला खोलीत कोंडली आन वर म्हनतूस तरनी हाय!” आणि मग आवाज फुटला तिचा. “पोरगी जात हुती रं आपली. कळतंय का तुला?”

पलीकडं आप्पा रडत होते. मी त्यांना रडताना पहिल्यांदा ऐकलं. मला समाधान वाटलं नाही, नुसती भीती वाटली.

आम्ही मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडं गेलो. दोघी आत शिरलो तशी डॉक्टरांनी आत्तीपुढं खुर्ची सरकवली. “बसा आजी. काय होतंय? झोप येते का?”

“मला काय झालंय?” आत्ती म्हणाली. “हिला बगा. पोरीनं हाय खाल्लीया.”

हाय खाणं. धसका घेऊन माणूस आतून खचलं की आमच्याकडं तसं म्हणतात. माझ्या आजाराला डॉक्टरांनी दिलेलं नाव वेगळं होतं, लांबलचक होतं. पण माझं मला ओळखू आलं ते आत्तीच्या नावावरून. मी तिथंच हुंदके द्यायला लागले, आणि डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून मला रडू दिलं. मग त्यांनी सेंटरमधले तेच तीन प्रश्न मला विचारले.

कुणाला वाटेल, इथून सगळं सुधारलं. नाही. गोळ्यांनी तोंड सुकायचं, हात थरथरायचे, आणि पाटा छातीवर तसाच. आत्ती जवळ बसलेली असतानासुद्धा मला कित्येकदा वाटायचं की हिचा डोळा लागावा आणि मी सुटावं. ते मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, “बरं केलंस सांगितलंस,” आणि झोपायची जागा बदलून दाराला आडवी झाली.

त्या दिवसांत एकदा मी चिडून विचारलं, “एवढी माया होती तर फोन का आपटायचीस गं? दोन शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?”

ती बघतच राहिली. “आगं, तूच तर उचलल्या उचलल्या ‘हाय’ म्हनायचीस!”

“ते हाय म्हंजे... ते नमस्कार असतं आत्ती. इंग्रजीत.”

“इंग्रजीत?” ती खरंच चक्रावली. मग तिनं सांगितलं. माळावर मेंढरं राखताना माणसं लांब लांब पांगतात, एकमेकांना दिसत नाहीत. मधून मधून एक हाळी देतो, “हाईस काऽऽ?” दुसऱ्यानं म्हणायचं, “हाय!” बास. जास्त बोलायचं नाही, तेवढ्यासाठी जवळ यायचं नाही. लांडगा नाही, साप नाही, जागेवर आहे, एवढंच कळलं की दोघंही आपापल्या मेंढरांमागं निर्धास्त. “मला वाटलं,” ती म्हणाली, “पोरीला न शिकीवता समदं येतंय. इचारायच्या आदीच सांगती, हाय आत्ती. लय बरं वाटायचं मला. शेजारच्या वस्तीवर सांगायची बी, आमची पोर बग कशी हुश्शार!”

मी हसले. किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक, आणि हसता हसता घाबरले. कारण इतके दिवस रोज मी तिला सांगत होते की मी आहे, आणि नव्हते.

*

आता मी परत हळदीच्या दुकानात जाते. वास आला, पण पूर्वीइतका नाही. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतील तेव्हा थांबवायच्या, आपल्या मनानं नाही. वाईट दिवस येतात. आला की मी आप्पांना सांगते, आणि आप्पा आता “मग झालं” म्हणत नाहीत. काय म्हणावं ते त्यांना कळत नाही, मग नुसते फोन धरून बसतात. मला तेवढं पुरतं.

आत्ती तिच्या माळावर. संध्याकाळी फोन येतोच. “हाईस का?” कधी मी हाय म्हणते, कधी न्हाई म्हणते. न्हाई म्हटलं की ती फोन दगडावर ठेवून धार काढायला बसते.

परवा मी तिला विचारलं, “आत्ती, तू रोज मला विचारतीस. तुला कोण विचारतं गं, हाईस का म्हणून?”

“मला कशाला इचारायला पायजे?” ती म्हणाली. “मी इचारतीया म्हंजी मी हाय की!” आणि खट्टकन फोन बंद.

मग मी रोहिणीचा नंबर काढला. ती गेली ती गेलीच होती. राग माझाही गेला नव्हता. अधूनमधून तिचा मेसेज यायचा, ‘हाय’, आणि मी निळ्या रेघा उमटवून गप्प बसायचे. मागच्या आठवड्यातही आला होता.

तिनं फोन उचलला. “अगं! तू? किती दिवसांनी! मी काय मस्त, एकदम मजेत—”

“रोहिणी,” मी म्हटलं, “हाईस का?”

“म्हणजे?” ती हसली. मग हसणं थांबलं. पलीकडून काहीच येईना. श्वास तेवढा येत होता.

मी फोन ठेवला नाही.